बोर्ड खाली आला तेव्हा

गिरगावातली चाळ असो की पुण्याच्या सदाशिव पेठेतला वाडा, विजेचा बोर्ड दाराच्या चौकटीजवळ, मोठ्या माणसाच्या खांद्याइतक्या उंचीवर असायचा. लाकडी पाटावर काळ्या बेकेलाइटची गोल बटणं, बाजूला चिनी मातीचा कटआउट आणि घर बऱ्यापैकी खातंपितं असेल तर एक प्लग. छतालगतच्या लाकडी पट्टीवर क्लिपांनी बसवलेली वायर त्या बोर्डापर्यंत उतरायची आणि तिथेच संपायची. रांगणाऱ्या पोराचा हात तिथवर पोचायचा प्रश्नच नव्हता. मुलांची काळजी म्हणून वायरमनने बोर्ड उंचावर ठोकलेला नसे. अंधारात दार उघडून आत येणाऱ्याला बटण पटकन सापडावं, एवढाच त्यामागचा विचार. तरी त्या उंचीने कित्येक मुलं सुखरूप राखली.

आज त्याच घरांत एक्स्टेन्शन बोर्ड सतरंजीच्या काठाशी पडलेला असतो. त्यात लॅपटॉपचा चार्जर, मोबाइलचा चार्जर, प्रिंटरची पिन आणि एखादं मोकळं भोक. वीज खांद्यावरून जमिनीवर उतरली ती गेल्या पन्नासेक वर्षांत. तिला खाली आणण्यात मोठा वाटा आहे तो घरात शिरलेल्या ऑफिसचा.

मुंबईत विजेचा दिवा पहिल्यांदा लागला तो १८८२ साली, क्रॉफर्ड मार्केटमध्ये. ज्या कंपनीने तो लावला ती लवकरच बुडाली आणि मार्केट पुन्हा गॅसच्या दिव्यांवर आलं. १९०५ मध्ये बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी स्थापन झाली, वाडी बंदरला वीज तयार होऊ लागली, १९०७ मध्ये विजेची ट्राम धावली. १९१५ पासून सह्याद्रीच्या पाण्यावर खोपोलीत तयार झालेली टाटांची वीज शहराला मिळू लागली. तिचे पहिले गिऱ्हाईक गिरण्या होत्या. घरात वीज आली ती दिव्यापुरती. वीज घेणं म्हणजे ‘लाइट घेणं’, ही बोली तेव्हाची. वीज गेली की आपण अजूनही ‘लाइट गेले’ म्हणतो.

त्यामुळे सुरुवातीच्या घरांत प्लग नावाची वस्तू क्वचितच असे. इस्त्री किंवा पंखा चालवायचा तर बल्ब काढून होल्डरमध्येच जोडणी खोचायची. हे सगळीकडेच होत होतं. अमेरिकेत हार्वी हबेल यांनी १९०४ मध्ये पेटंट घेतलं ते याच अडचणीवर: बल्बच्या होल्डरमध्ये बसणारा एक भाग आणि त्यातून ओढून काढता येणारी पिन. ब्रिटनमध्ये निरनिराळ्या कारखान्यांच्या निरनिराळ्या पिना होत्या. १९३४ मध्ये तिथल्या मानक संस्थेने बीएस ५४६ हे मानक काढलं आणि गोल पिनांच्या तीन-पिनी प्लगची मापं ठरवून दिली. पाच अँपिअरचा लहान, पंधरा अँपिअरचा मोठा. भारतात जो ‘साधा प्लग’ आणि ‘पॉवर प्लग’ म्हणून ओळखला जातो, तो हाच. १९५८ मध्ये भारतीय मानक संस्थेने आयएस १२९३ काढलं तेव्हा हीच गोल पिनांची जात पुढे चालू राहिली. नंतर पाचाचे सहा आणि पंधराचे सोळा अँपिअर झाले, एवढंच.

हा प्लग हातात घेऊन नीट पाहण्यासारखा आहे. वरची पिन जाड आणि लांब. ती अर्थिंगची. लांब असल्यामुळे ती आधी आत जाते आणि शेवटी बाहेर येते. म्हणजे इस्त्रीच्या पत्र्याला जमिनीशी जोडून झाल्यावरच तिच्यात वीज शिरते. जाड असल्यामुळे ती चुकून फेजच्या भोकात जात नाही. १९३४ च्या मानाने ही रचना फार विचारपूर्वक केलेली होती. त्यात उणीव होती ती एकच. सॉकेटची भोकं उघडी होती. पाच अँपिअरच्या सॉकेटच्या भोकात खिळा, हेअरपिन, विणकामाची सुई, काहीही सहज जातं. भोक खांद्याच्या उंचीवर होतं तोवर ही उणीव कुणाला टोचली नाही.

ती टोचली एका इंग्रज बाईंना. कॅरोलिन हॅस्लेट यांचा जन्म १८९५ चा. बॉयलर बनवणाऱ्या एका कंपनीत त्या कारकून म्हणून लागल्या आणि तिथेच इंजिनीअरिंग शिकल्या. १९१९ मध्ये स्थापन झालेल्या विमेन्स इंजिनीअरिंग सोसायटीच्या त्या पहिल्या सचिव. १९२४ पासून इलेक्ट्रिकल असोसिएशन फॉर विमेन ही संस्था त्यांनी चालवली. धुणं, झाडणं, कोळसा वाहणं यांतून बाईची सुटका विजेनेच होईल, यावर त्यांचा ठाम विश्वास होता. म्हणून वीज वापरायला बाईने शिकलं पाहिजे, फ्यूज तिला बदलता आला पाहिजे, हा त्यांचा आग्रह. संस्थेने स्त्रियांसाठी विजेचं हँडबुकही काढलं.

दुसरं महायुद्ध चालू असतानाच ब्रिटनमध्ये युद्धानंतरच्या घरबांधणीचा विचार सुरू झाला होता. बॉम्बहल्ल्यांत पडलेली लाखो घरं पुन्हा उभी करायची होती. त्यांतलं वायरिंग कसं असावं हे ठरवायला वीस जणांची समिती नेमली गेली. त्यात हॅस्लेट या एकट्याच स्त्री. बाकीच्यांपुढे तांब्याचा तुटवडा, वायरची जाडी, फ्यूजची क्षमता असे प्रश्न होते आणि ते खरेच महत्त्वाचे होते. १९४४ च्या अहवालात त्यांच्या जोडीला आणखी एक अट आली: लहान मुलांच्या सुरक्षिततेसाठी सॉकेटची भोकं झडपेने बंद असली पाहिजेत. या अटीचं श्रेय हॅस्लेट यांच्या समितीवरच्या उपस्थितीला दिलं जातं. १९४७ मध्ये निघालेल्या बीएस १३६३ या मानकात ती अट उतरली. चौकोनी पिनांचा, आत फ्यूज असलेला तो जाडजूड प्लग आजही ब्रिटनभर वापरला जातो. त्याची लांब अर्थ पिन आत गेली की ती आतली झडप सरकवते आणि मगच खालची दोन भोकं उघडतात. १९८४ मध्ये त्या पिनांच्या मुळाशी प्लास्टिकचं वेष्टन सक्तीचं झालं, म्हणजे अर्धवट बाहेर आलेल्या प्लगच्या फटीत इवलंसं बोट गेलं तरी धातूला लागू नये.

साल १९४७ आहे हे विसरता येत नाही. ब्रिटनने आपला जुना प्लग त्याच वर्षी बाजूला सारायला घेतला आणि भारताने मात्र तोच पुढे चालवला. नव्या देशाकडे बसवून झालेले सॉकेट होते, उपकरणं होती, ती बदलायला पैसा नव्हता. त्यामुळे हा निर्णय चूक म्हणता येणार नाही. पण गोल पिना ठेवूनही झडप बसवता आली असती. ते व्हायला फार वेळ लागला आणि त्याला तंत्राची अडचण हे कारण नव्हतं.

घरात ऑफिस आलं ते आधी विजेशिवाय. सुटसुटीत टाइपरायटरची कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाची. १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात ब्लिकेन्सडर्फरचं हलकं यंत्र लोकांनी पाहिलं, १९१२ मध्ये घडी घालता येणारं कोरोना आलं, १९५० मध्ये ऑलिव्हेटीचं लेटेरा २२. भारतात गोदरेजने १९५५ मध्ये देशी बनावटीचा टाइपरायटर बाजारात आणला आणि गावोगावच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमधून त्याचा खडखडाट ऐकू येऊ लागला. वकील, कोर्टाबाहेरचे टंकलेखक, बातमीदार, विमा एजंट यांच्या घरी असं यंत्र असे. मुलांनी त्यावर हात मारला तर फार फार तर दोन टाइप एकमेकांत अडकत आणि रिबनच्या शाईने बोटं काळी होत. निवड करताना लोक पाहत ते वजन, अक्षराचा ठसा आणि दुरुस्ती करणारा गावात आहे की नाही. मूल घरात आहे म्हणून टाइपरायटर वेगळा घ्यावा, असं कुणाला सुचण्याचं कारणच नव्हतं.

मग २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं. रेडिओ फळीवर उंच बसायचा. टीव्ही टेबलावर आला आणि त्याच्यासाठी वायर खाली ओढली गेली. नव्या इमारतींत बेडच्या उशाशी, सोफ्यामागे, स्वयंपाकाच्या ओट्यावर पॉइंट काढण्याची पद्धत रुजली. संगणकाने उरलेलं काम केलं. मॉनिटर, सीपीयू, यूपीएस, प्रिंटर, मॉडेम: एका टेबलाखाली पाच वायरी. १९८१ चा ऑस्बोर्न १ हा पहिल्या यशस्वी पोर्टेबल संगणकांपैकी एक. वजन साधारण ११ किलो आणि आत बॅटरी नाही. म्हणजे तो उचलून कुठेही नेला तरी जवळचं सॉकेट शोधणं आलंच. बॅटरीवर चालणारी लहान यंत्रंही त्याच सुमारास निघाली, १९९१ मध्ये सोनीने लिथियम-आयन बॅटरी विकायला सुरुवात केली आणि लॅपटॉप खऱ्या अर्थाने मांडीवर आला. महाराष्ट्रात २००५ च्या आसपास भारनियमनाचे लांबच लांब तास होते, तेव्हा बॅटरीवर चालणाऱ्या यंत्राचं महत्त्व घराघराला पटलं. त्याच काळात इन्व्हर्टरही आला आणि तोही कोपऱ्यात, जमिनीवरच. इन्व्हर्टर असलेल्या घरात मेन स्विच पाडला तरी काही पॉइंटमध्ये वीज उरते, हे त्या घरातल्या प्रत्येकाला माहीत असायला हवं.

वीज अशी खाली येत असताना नियम करणारे गाफील नव्हते. १९८० च्या दशकातल्या भारताच्या राष्ट्रीय विद्युत संहितेत सॉकेट जमिनीपासून २५ सेंटिमीटरवर किंवा १३० सेंटिमीटरवर बसवावं असं म्हटलं होतं, आणि ते मुलांच्या हाताला लागण्यासारखं असेल तर प्लग काढल्यावर आपोआप झाकलं जाणारं असावं, असंही. म्हणजे हॅस्लेट यांच्या समितीची अट आपल्याकडे कागदावर होती. वायरमनच्या पिशवीत ती पोचली नाही. बाजारात साधं, उघड्या भोकांचं सॉकेट स्वस्त मिळत होतं, बिल्डरला तेच परवडत होतं, आणि गिऱ्हाइकाला बटणाचा रंग तेवढा विचारला जात होता.

आपली एक सवयही या इतिहासाचा भाग आहे. पिन मोडली किंवा प्लगच नसला की वायरची टोकं सोलायची, उघडी तांब्याची तार सॉकेटच्या भोकांत सरकवायची आणि काडेपेटीच्या काड्या खोचून ती घट्ट करायची. मंडपवाले, फेरीवाले, भाड्याच्या खोलीतले विद्यार्थी, कुणीही हे करतं. झडपेचं सॉकेट आलं तेव्हा याचा दुसरा अवतार निघाला. चार्जरला दोनच पिना, अर्थची पिन नाही, त्यामुळे झडप उघडेना. मग अर्थच्या भोकात बॉलपेन किंवा स्क्रूड्रायव्हर घालून झडप दाबायची आणि खाली दोन पिना रेटायच्या. घरातलं मूल हे डोळे विस्फारून पाहतं. भोकात पेन घालायचं असतं, एवढा धडा त्याला मिळतो. आयात केलेल्या यंत्रांसाठी निघालेलं, जगातली कुठलीही पिन घेणारं ‘युनिव्हर्सल’ सॉकेट याहून वाईट. सगळ्या आकारांना जागा द्यायची म्हणून त्याची भोकं मोठी असतात, पिन त्यात सैल बसते, ठिणग्या उडतात, प्लास्टिक वितळतं. युरोपी पद्धतीच्या बारीक, ४ मिलिमीटरच्या पिना आपल्या सहा अँपिअरच्या सॉकेटमध्येही अशाच डुगडुगतात.

फ्यूज आहे, एमसीबी आहे, मग भीती कसली, हा समज फार पसरलेला आहे. तो खोटा आहे. फ्यूज वायरला जळण्यापासून वाचवतो, माणसाला नाही. माणसाचा जीव जायला अँपिअरचा लहानसा अंश पुरतो आणि सहा अँपिअरच्या एमसीबीला त्याची चाहूलही लागत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या चार्ल्स डॅल्झील यांनी बर्कलीत स्वयंसेवकांवर प्रयोग करून शोधलं होतं की हातात धरलेली तार माणसाला आपणहून कितव्या प्रवाहापर्यंत सोडता येते. पुरुषांची सरासरी १६ मिलिअँपिअर, स्त्रियांची साडेदहा. मुलांसाठी ही मर्यादा आणखी खाली धरतात. १९५० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत हेन्री रुबिन यांनी सोन्याच्या खाणींतल्या कामगारांसाठी गळती ओळखणारं उपकरण बनवलं, ऑस्ट्रियात गॉटफ्रिड बीगलमायर यांनी त्याच दिशेने काम केलं, आणि १९६० च्या दशकात डॅल्झील यांनी त्याचं अमेरिकी रूप तयार केलं. तत्त्व सोपं आहे. फेजमधून जितका प्रवाह गेला तितकाच न्यूट्रलमधून परत आला पाहिजे. दोन्ही वायरी एकाच लोखंडी कड्यातून जातात. प्रवाह सारखे असतील तर एकमेकांचा परिणाम पुसला जातो. ३० मिलिअँपिअर जरी कुणाच्या अंगातून जमिनीत गेले तरी तोल बिघडतो आणि डोळ्याचं पातं लवतं तेवढ्यात वीज तुटते. आपण त्याला ईएलसीबी किंवा आरसीसीबी म्हणतो. २०१० च्या केंद्रीय विद्युत सुरक्षा नियमांत घरगुती जोडणीसाठी हीच ३० मिलिअँपिअरची मर्यादा आली, पण लहान जोडण्यांना सूट देऊन. म्हणजे जिथे जुनं वायरिंग आणि दाटीवाटी, नेमकी तीच घरं बाहेर राहिली. ही सूट देणं योग्य नव्हतं.

या उपकरणालाही मर्यादा आहे. मुलाने एका हाताने फेज आणि दुसऱ्या हाताने न्यूट्रल धरलं तर प्रवाहाचा तोल बिघडत नाही आणि आरसीसीबी गप्प राहतो. तिथे झडपच कामाला येते. अमेरिकेने २००८ च्या विद्युत संहितेत नव्या घरांसाठी झडपेची सॉकेट सक्तीची केली ती गळती ओळखणारी उपकरणं रूढ होऊन बराच काळ लोटल्यावर. दोन्ही लागतात. प्लास्टिकची खोटी पिन भोकात बसवून सॉकेट झाकण्याचा उपायही सरसकट चांगला नाही. ब्रिटनमध्ये २०१६ साली आरोग्य विभागाने अशी झाकणं वापरू नका असा इशारा दिला, कारण मापात नसलेलं झाकण आतली झडप उघडी ठेवू शकतं.

यंत्रं बनवणाऱ्यांनीही हळूहळू मुलांचा विचार केला. प्रयोगशाळेत उपकरण तपासायला धातूचं एक सांधेदार बोट वापरतात, १२ मिलिमीटर जाड आणि ८० मिलिमीटर लांब. यंत्राच्या कुठल्याही फटीत ते घालून आतल्या धोक्याच्या भागाला लागतं का पाहायचं. हे बोट मोठ्या माणसाचं. मुलांसाठी याहून बारीक बोटं करावी लागली. अमेरिकेत कागद कापणारे श्रेडर ऑफिसातून घरात आले आणि लहानग्यांची बोटं त्यांत अडकू लागली. २००४ च्या अखेरीस तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाने त्यावर अभ्यास प्रसिद्ध केला आणि मानकं कडक झाली, कागदाची फट अरुंद झाली. जपानमध्ये पाणी गरम ठेवणाऱ्या विजेच्या भांड्यांना चुंबकाने चिकटणारी वायर असे. मूल अडखळलं तर वायर सुटावी, उकळतं पाणी त्याच्या अंगावर येऊ नये म्हणून. २००६ मध्ये ॲपलने लॅपटॉपच्या चार्जरला चुंबकी टोक लावलं ते याच धर्तीवर.

आज घरून काम करण्यासाठी यंत्र निवडताना हा सगळा इतिहास उपयोगी पडतो. दोन प्रकारचे अडॅप्टर मिळतात. एक थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये बसतो आणि त्यातून खाली येते ती कमी दाबाची वायर. दुसऱ्याचा ठोकळा मध्ये असतो आणि भिंतीपासून ठोकळ्यापर्यंतच्या वायरीत २३० व्होल्ट असतात. ठोकळ्यातून ही वायर सुटली, बटण चालू राहिलं आणि दात येणाऱ्या बाळाने ते टोक तोंडात घातलं, तर लाळेमुळे तोंड भाजतं. घरात लहान मूल असेल तर पहिला प्रकार घ्यावा. दुसरा असेल तर वायर भिंतीकडूनच काढून ठेवावी. लॅपटॉप आणि त्यांचे अडॅप्टर यांच्यासाठी भारतात २०१२ च्या आदेशाने नोंदणी सक्तीची झाली आहे. अडॅप्टरवर मानकाचा क्रमांक आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक नसेल तर दुकानदार काहीही सांगो, तो घेऊ नये.

आणि जे भिंतीला जोडलेलंच नाही त्याकडेही लक्ष हवं. सादरीकरणाचा रिमोट, कॅल्क्युलेटर, छोटा वजनकाटा यांत नाण्याएवढी लिथियमची चकती असते. वीस मिलिमीटरची ती चकती मुलाच्या अन्ननलिकेत अडकली तर ओलाव्यामुळे विद्युतप्रवाह सुरू होतो, तिथे तीव्र अल्कली तयार होते आणि दोन तासांत अन्ननलिका आतून भाजू शकते. एका दीड वर्षाच्या मुलीच्या मृत्यूनंतर २०२२ मध्ये अमेरिकेने तिच्या नावाने कायदा केला आणि अशा उपकरणांचं झाकण मुलाला उघडता येणार नाही असं करणं सक्तीचं झालं. आपल्याकडे घेताना झाकणाला स्क्रू आहे का ते पाहावं, आणि मुलाने चकती गिळल्याची नुसती शंका आली तरी घरगुती उपाय न करता थेट रुग्णालय गाठावं.

मीटरजवळच्या आरसीसीबीवर ‘टी’ लिहिलेलं एक छोटं बटण असतं. संगणकावरचं काम जपून, बंद करून ते बटण दाबावं. घरातली वीज गेली तर उपकरण जागं आहे. वीज गेली नाही, किंवा तसं बटणच घरात सापडलं नाही, तर नवा लॅपटॉप घेण्याआधी वायरमनला बोलवा.